भोंगा वाजल्यावर धावणार कोण? लघुउद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
औद्योगिक वसाहतींमधल्या लघुउद्योजक संघटना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या संघटनेच्या हॉलमध्ये एका कंपनीने सादरीकरण केलं. चहा-समोसे येईपर्यंत पडद्यावर हिमनग आला होता. पाण्याच्या वर आपलं नेहमीचं इंटरनेट, खाली डीप वेब (लॉगइनशिवाय न दिसणारी पानं) आणि अगदी तळाला काळोखात डार्क वेब (खास सॉफ्टवेअरशिवाय न उघडणारा भाग). पुढच्या चित्रात टोपी ओढलेला, चेहरा नसलेला माणूस. मग विक्रेत्याने समोरच्या रांगेतल्या एका सभासदाचा ईमेल पत्ता विचारून घेतला, टाइप केला आणि पडदा लालभडक झाला. "साहेब, तुमचा पासवर्ड डार्क वेबवर आहे." त्या सभासदाची फाउंड्री आहे. तीस वर्षांत ना संपाला घाबरला ना मंदीला, पण त्या पडद्याकडे बघताना त्याच्या हातातला समोसा हातातच राहिला.

आता येत्या सर्वसाधारण सभेत सगळ्या सभासदांसाठी मिळून 'डार्क वेब मॉनिटरिंग'चं, म्हणजे आपली चोरलेली माहिती तिथे आली का यावर पाळत ठेवण्याचं, वार्षिक पॅकेज घ्यायचा ठराव येतोय. शेजारच्या दोन वसाहतींतही हाच हिमनग फिरून आलाय असं कळलं, म्हणून हे पत्र एका संघटनेपुरतं न ठेवता उघडपणे सगळ्यांना लिहिते आहे.

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या चौदा छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर, ईमेल आणि टॅली सांभाळते. ठराव करू नका असं मी म्हणत नाही. ठरावात एक ओळ कमी आहे, ती घाला आणि मग करा, एवढंच म्हणणं आहे.

आधी त्या लाल पडद्याबद्दल. फाउंड्रीवाल्या काकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. आपला ईमेल चोरीच्या कुठल्या यादीत आहे ते सांगणारी 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची एक साइट आहे, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांनी २०१३ साली सुरू केलेली. तिथे त्यांचा पत्ता घातला. उत्तर आलं : लिंक्डइनची २०१२ सालची चोरी. ती यादी २०१६ मध्ये विक्रीला आली होती, सोळा कोटींहून जास्त खाती होती तिच्यात. काकांनी तेव्हापासून तीनदा पासवर्ड बदललाय, आणि लिंक्डइन तर त्यांनी मुलाच्या लग्नानंतर उघडलेलंच नाही. म्हणजे हॉलमध्ये जो भोंगा वाजला तो कित्येक वर्षांपूर्वी विझलेल्या आगीचा होता. आणि ही माहिती दोन मिनिटांत, फुकट मिळते.

दुसरी गंमत पॅनची. "तुमचा पॅन क्रमांक डार्क वेबवर सापडला" अशीही सूचना या पॅकेजात येते. आपला जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे आपला पॅनच. तो आपण प्रत्येक बिलावर आणि डिलिव्हरी चलनावर स्वतः छापून गावभर वाटतो. त्यासाठी काळोखात उतरायची गरज नाही, ट्रान्सपोर्टवाल्याच्या गल्ल्यावर पडलेलं चलन पुरे.

मग हे मॉनिटरिंग म्हणजे निव्वळ भीतीचा धंदा का? तसंही नाही. त्यात कामाचं काय आणि भरताड काय, हे वेगळं करता आलं पाहिजे.

डार्क वेबचा मोठा भाग 'टॉर' नावाच्या जाळ्यावर आहे. त्यामागची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. निरोप कांद्यासारखा एकावर एक पापुद्र्यांत गुंडाळायचा आणि मधल्या कॉम्प्युटरांनी एकेक पापुद्रा सोलत तो पुढे सरकवायचा. कुणी पाठवला आणि कुणाला पोहोचला, हे दोन्ही मधल्या एकालाही कळत नाही. पत्रकारही ते वापरतात आणि चोरही. त्याचा संपूर्ण नकाशा कुणाकडेच नाही. त्यामुळे "आम्ही पूर्ण डार्क वेब स्कॅन करतो" असं जो म्हणेल तो थापा मारतोय असं खुशाल समजा. चांगल्या कंपन्यांची माणसं खोट्या नावांनी वर्षानुवर्षं चोरांच्या अड्ड्यांवर बसून असतात. फुटलेल्या याद्या गोळा करतात, कंपन्यांचा डेटा अडकवून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर टोळ्या ज्या पानांवर बळी पडलेल्यांची नावं टांगतात ती पानं बघतात, टेलिग्रामवरचे चॅनेल चाळतात. (चोरीच्या पासवर्डांचा मोठा बाजार आज टेलिग्रामवरच भरतो. त्याला कांदाबिंदा काही लागत नाही.) मग या ढिगात आपल्या कंपनीचं नाव शोधतात. मांडलेला माल त्यांना दिसतो. गाळ्याच्या मागे दोघांत झालेला सौदा दिसत नाही.

मांडलेला माल वेळेवर दिसला तर उपयोग होतो, हे मात्र खरं. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जोकर्स स्टॅश' नावाच्या चोरबाजारात एकदम तेरा लाखांहून जास्त कार्डांची माहिती विक्रीला आली. जवळजवळ सगळी भारतातल्या बँकांची, भाव एका कार्डाला १०० डॉलर. 'ग्रुप-आयबी' या सुरक्षा कंपनीला ते दिसलं आणि बोभाटा झाला. पण तिथे एक सोय असते. कार्ड बंद करायला बँकेत माणूस बसलेला असतो, त्याला पगारच त्यासाठी मिळतो. आपल्या शेडमध्ये तो माणूस कोण?

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातंय, कारण त्यात माझाही हात आहे.

माझ्याकडच्या एका कारखान्यात सीएनसीवर जॉबवर्क चालतं. तिथला ड्रॉइंग करणारा पोरगा हुशार, कामाचा. अर्जंट फिक्श्चरचं ड्रॉइंग होतं म्हणून काम घरी घेऊन गेला. घरच्या कॉम्प्युटरवर कॅडचं लायसन्स नव्हतं, म्हणून त्याने क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालणारी चोरटी प्रत, शोधला. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली लिंक होती, सोबत सूचना : आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. कॅड चालू झालं, ड्रॉइंग पूर्ण झालं, सकाळी मालकांनी पाठ थोपटली.

त्या क्रॅकबरोबर एक इन्फोस्टीलर आला होता. हे प्रोग्रॅम कॉम्प्युटर बंद पाडत नाहीत, खंडणी मागत नाहीत, स्क्रीनवर काही दाखवत नाहीत. मिनिटभरात ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड, कुकीज (लॉगइन चालू ठेवणाऱ्या छोट्या नोंदी), फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी नावं-नंबर असं सगळं एका फोल्डरमध्ये बांधतात, पाठवून देतात आणि बरेचदा स्वतःला पुसून टाकतात. रेडलाइन, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. लुमाचं जाळं मे २०२५ मध्ये तोडलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरांना त्याची लागण झालेली दिसली. लोक अजून 'व्हायरस' म्हटलं की कॉम्प्युटर हळू चालतोय का ते बघतात. हा तर पाहुण्यासारखा येतो, तिजोरीचा फोटो काढतो आणि चहा न घेता जातो.

नंतर तो फोल्डर मला बघायला मिळाला. एक साधी टेक्स्ट फाइल, ओळीओळीने : साइट, युजरनेम, पासवर्ड. विजेचं बिल, मुलाच्या शाळेचं ॲप, दोन शॉपिंग साइट आणि मधेच आमच्या कारखान्याचा ऑफिसचा मेल. पोराने कधीतरी घरून मेल बघितला होता आणि ब्राउझरने "पासवर्ड लक्षात ठेवू का?" विचारल्यावर हो म्हटलं होतं. सोबत चोरीच्या क्षणी काढलेला स्क्रीनचा फोटो. डेस्कटॉपवर दगडूशेठ गणपती, त्यावर अर्धवट ड्रॉइंग आणि खाली उजव्या कोपऱ्यात वेळ, रात्रीचे ११ वाजून ४२ मिनिटं. पोरगं त्या वेळी मालकाचंच काम करत होतं, हे त्या फोटोइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नसतं. त्याला कामावरून काढायची भाषा झाली तेव्हा मी तोच फोटो पुढे केला.

तो मेल पुढे कुणीतरी विकत घेतला. घेणाऱ्याने घाई केली नाही, आठवडाभर नुसता वाचत बसला. मेलबॉक्समध्ये त्याने एक नियम लावून ठेवला. ज्या मेलमध्ये 'पेमेंट' शब्द असेल तो इनबॉक्समध्ये न येता 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाईल. तो फोल्डर आउटलुकमध्ये सगळ्यांकडे असतो आणि उघडत कुणीच नाही. मग वाळूजच्या एका जुन्या ग्राहकाला आमच्याच पत्त्यावरून, आमच्याच लेटरहेडवर मेल गेला. खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट कृपया दुसऱ्या खात्यावर करा, सोबत कॅन्सल्ड चेक जोडला आहे. चेकवर नाव आमचं, खातं भलत्याचंच. ग्राहकाने शंका विचारणारा मेल केलासुद्धा. तो आरएसएस फीड्समध्ये पडला आणि उत्तर चोरानेच दिलं. ११ लाख ६० हजारांचं आरटीजीएस गेलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली तोवर चार दिवस उलटले होते, थोडेच पैसे वाटेत गोठवता आले.

आणि माझा हात कुठे? त्या कारखान्याकडे डार्क वेब मॉनिटरिंग होतं. महागड्या अँटिव्हायरसच्या पॅकेजात ते आपोआप आलं होतं, आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. पैसे जायच्या सतरा दिवस आधी सूचना आली होती : अमुक मेल, अमुक तारखेला चोरलेला पासवर्ड, इन्फोस्टीलर. ती गेली माझ्याआधी काम बघणाऱ्या माणसाच्या पत्त्यावर. तो सोडून गेला त्याला दोन वर्षं झाली होती. सूचनांचा पत्ता बदलणं माझ्या यादीत होतं. बदलायचा राहिला.

पासवर्ड बदलणं, मेलबॉक्समधून सगळ्यांना एकदा बाहेर काढणं आणि लागलेले नियम तपासणं, हे वीस मिनिटांचं काम होतं. सतरा दिवस हातात होते.

मोठ्यांचंही असंच होतं, यात समाधान मानायचं तर माना. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी खंडणीखोरांमुळे बंद ठेवावी लागली आणि कंपनीने ७५ बिटकॉइन मोजले. चोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायची वाट). वापर थांबलेला, पण खातं बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्यावर ओटीपीसारखा दुसरा पहारा नव्हता, आणि तो पासवर्ड डार्क वेबवरच्या एका फुटलेल्या यादीत सापडला. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा कंपनीच्या सुमारे १६५ ग्राहकांना हाच धोका पोहोचला. इन्फोस्टीलरने चोरलेले पासवर्ड, त्यातले काही तर नोव्हेंबर २०२० पासूनचे. साडेतीन वर्षं किल्ली बाजारात आणि कुलूप तेच.

आपल्या पुण्यातला दाखला तर सगळ्यांना पाठ आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्याच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा पाठवला होता : येत्या काही दिवसांत क्लोन कार्डांनी जगभरातल्या एटीएममधून एकदम पैसे काढण्याचा बेत शिजतोय. म्हणजे कुणीतरी काळोखात कान लावून बसलं होतं आणि त्याला ऐकूही आलं होतं. तरी व्हायचं ते झालं.

म्हणून विक्रेत्याला विचारायचे प्रश्न हिमनगाबद्दल नकोत. सूचनेत चोरीची तारीख असेल का, की २०१२ ची शिळी यादी वर्षभर गरम करून वाढणार? चोरी घरच्या कॉम्प्युटरवरून झाली की ऑफिसच्या, हे कळेल का? कुकीज गेल्यात का तेही सांगणार का? (कुकी चोरीला गेली की ओटीपी असूनही आत शिरता येतं, आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळीकडून लॉगआउट करावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये पोलिसांनी बंद पाडलेल्या 'जेनेसिस मार्केट'चा धंदाच हा होता.) आणि सगळ्यात आधी हे विचारा : रविवारी रात्री सापडलं तर फोन करणार की सोमवारी मेल टाकणार? "डार्क वेबवरून तुमची माहिती काढून टाकू" असं कुणी म्हटलं तर तिथल्या तिथे चहा पाजून वाटेला लावा. चोरीची यादी एकदा वाटली गेली की ती परत गोळा होत नाही. आणि आपल्यापैकी कुणी उत्साहाने टॉर टाकून स्वतः शोधायला, किंवा आपलीच माहिती परत विकत घ्यायला जाऊ नये. आमच्या हॉलमध्ये एकाने तसं बोलून दाखवलं होतं.

एक अडचण विक्रेता सांगणार नाही. हे मॉनिटरिंग बहुतेक वेळा कंपनीच्या डोमेनवर चालतं, म्हणजे ईमेलमध्ये '@' नंतर जे येतं त्यावर. आमच्या सभासद यादीतले निम्म्याहून जास्त पत्ते जीमेलचे आहेत. जीमेलवर डोमेनने पहारा कसा ठेवणार? त्यांना प्रत्येक पत्ता वेगळा नोंदवावा लागेल, आणि पॅकेजात किती पत्ते बसतात ते कुणी विचारलेलं नाही. ज्यांचं स्वतःचं डोमेन आहे त्यांनी पैसे मोजण्याआधी ते 'हॅव आय बीन पोन्ड'वर नोंदवून ठेवावं. पुढे त्यातला पत्ता कुठल्या यादीत आला की सूचना येते.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून, किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांत कळवावी लागते. 'लक्षात आणून दिल्यापासून' हे शब्द नीट वाचा. पॅकेज घेतलं की लक्षात आणून देणारा आपण पगारी नेमला. मग सूचना कुणी उघडली नाही, ही सबब पुढे करणं अवघड होईल. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये पुरेशी काळजी न घेतल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आपल्या शेडला कुणी तेवढा दंड लावणार नाही, पण आपण ज्यांना माल देतो त्या मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर ऑडिटमध्ये हे प्रश्न यायला लागलेत. माझ्याकडच्या दोन कारखान्यांना आलेही.

तर माझी मागणी. वसाहतीत आग लागली तर प्रत्येक कारखान्याने आपापला बंब ठेवलेला नसतो, एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रातून येतो. तसंच इथे करता येईल. चाळीस-पन्नास कारखान्यांच्या सूचना एकाच ठिकाणी येऊ देत, आणि त्या उचलायला संघटनेने एक माणूस आणि त्याच्या जागी एक बदली माणूस ठरवावा. प्रत्येक सभासदाने त्याला लेखी देऊन ठेवावं : सूचना आली तर मालकाची वाट न बघता माझ्या कारखान्याचं ते खातं बंद कर. ही परवानगी सगळ्यात अवघड जाईल हे मला माहीत आहे. मालक गावी लग्नाला असतात, फोन लागत नाही आणि त्यांना विचारल्याशिवाय इथे कुणी स्विच दाबत नाही. चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, शनिवार-रविवार तो उगाच निवडत नाही.

आणि पॅकेज येवो न येवो, एक गोष्ट या आठवड्यातच करता येईल : खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या, आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पेमेंट करायचं नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, वहीतल्या. वाळूजच्या त्या ग्राहकाकडे आमच्या मालकांचा नंबर वीस वर्षांपासून आहे. दर दिवाळीला ते एकमेकांना फोन करतात.

आमच्या सभेच्या ठरावाचा मसुदा सचिवांकडे आहे. त्यात मी पेन्सिलने एक ओळ घातली आहे : 'सूचना आल्यास संपर्क', त्यापुढे दोन रिकाम्या जागा, नावासाठी आणि मोबाइल नंबरसाठी. पहिल्या वर्षी दिवसपाळीच्या जागेत माझा नंबर टाकायला माझी हरकत नाही. रात्रपाळीसाठी मात्र दुसरं कुणीतरी बघावं लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चौदा कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारी एक सभासद